नव्याच्या पाव्हण्या

परत येऊन तीन आठवडे झाले, तरी शिक्षकखोलीत रोज कुणी ना कुणी विचारतंच, "मग, एकतीस डिसेंबरला काय केलंत?" मी सांगते, "जेवले आणि लगेच झोपले." यावर समोरचा माणूस कीव आल्यासारखा चेहरा करतो आणि बिस्किटांची बशी पुढं सरकवतो. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, बिस्किटं मात्र देत राहावीत.

आधी माझी ओळख. मी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवते आणि गेली एकवीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच करते. कुणाचा कितवा तास कुठल्या वर्गावर, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. या कलेचा एक तोटा आहे. घरच्या माणसांनाही मी तासांत बसवते. नवरा सरावला. मुलगा शिकायला लांबच्या गावी गेला, त्यात थोडा हात माझाही असावा. सरावली नाही ती माझी धाकटी बहीण मंजू.

मंजू साताऱ्यात शिवणक्लास घेते. गेल्या वर्षी नवीन वर्षासाठी आम्ही दोघी कोकणात गेलो होतो. मी वेळापत्रक केलं होतं, प्लास्टिकच्या पाकिटात घालून. ‘चहा ८.१० ते ८.२५. समुद्र ८.४० ते ९.३०.’ मंजू लाटांत पाय बुडवून उभी होती आणि मी कोरड्या वाळूतून ओरडले, "मंजू, पाच मिनिटं जास्त झाली." ती तिथंच रडायला लागली. म्हणाली, "ताई, तुझ्याबरोबर मला सुट्टी मिळत नाही, माझी हजेरी लागते." परतीच्या वाटेवर एक शब्द नाही. त्यानंतर थेट पाडव्यापर्यंत आमचं बोलणं बंद होतं. पाडव्याला तिचाच फोन आला, "खरं नवीन वर्ष आज लागलं. बोल आता." आई गेल्यापासून माहेर म्हणून मला मंजूच उरली आहे. त्या तीन महिन्यांत मला फार एकटं वाटलं होतं.

या वर्षी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा तिनं अट घातली. "वेळापत्रक नाही. संकल्पांची यादी नाही. मला कागद दिसला, की असेन तिथून एसटी पकडून मी साताऱ्याला. आणि मग पुन्हा तुझ्याबरोबर कुठं म्हणून येणार नाही." मी मुकाट्यानं हो म्हणाले. जागा शोधायचं काम मात्र माझ्याकडं आलं.

आमच्या शाळेतल्या शिपाईमामांची मावसबहीण हौसाबाई वेल्ह्याच्या पुढं पासलीला राहतात. त्यांची भातशेती आहे, आणि गड बघायला येणाऱ्यांना त्या घरचं जेवण करून घालतात. दिवाळीनंतर मी त्यांना फोन केला. घरात रेंज येत नाही म्हणून त्या कुठल्याशा उंचवट्यावर उभ्या राहून बोलत होत्या आणि आमच्या दोघींपेक्षा वाराच जास्त बोलत होता. मी ओरडून सांगितलं, "आम्हाला नवीन वर्ष तुमच्याकडं करायचंय. एकतीसला संध्याकाळी साडेपाचला पोचतो. आम्ही आल्याशिवाय सुरू करू नका हं." मला वाटलं, आणखी पाहुणे असतील, शेकोटी वगैरे असेल, आपण मागून जाऊन कोपऱ्यात बसायला नको. पलीकडून तुकडे ऐकू आले. "नवं... व्हय व्हय... पाव्हणं येनार म्हनल्यावर आमी कशाला आदी करतोय? थांबतो की."

"काय माणसं आहेत बघ," मी नवऱ्याला म्हणाले, "ओळख ना पाळख, आणि थांबतो म्हणतात." फोन ठेवला आणि सवयीनं हाताशी कागद ओढला. दोन्ही बाजू भरल्या. एका बाजूला तीन दिवसांचं वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला येत्या वर्षाचे चौदा संकल्प. कागदाच्या चार घड्या करून तो पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात ठेवला. मी तो बघणार नव्हते. नुसता जवळ असावा, इतकंच.

तीस डिसेंबर : सारोळे आणि भोर

मंजू साताऱ्याहून एसटीनं आली आणि मी पुण्याहून गाडी घेऊन गेले. भेटायचं ठिकाण ठरलं होतं सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ. मी पोचले तेव्हा ती रस्त्याकडेला हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या विकणाऱ्या बाईशेजारी पोत्यावर बसून घाटे सोलून खात होती. मला बघून उठली, मिठी मारली, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "पर्स दाखव."

मी पर्स उघडून दाखवली. चष्मा, रुमाल, पित्ताच्या गोळ्या, कंगवा. चेनच्या कप्प्याकडं तिचा हात गेला नाही. "घड्याळ काढ," ती म्हणाली. तेही काढलं. तिनं ते गाडीत पुढच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण तेवढी उरली. दिवसभरात मी त्या खुणेकडं किती वेळा पाहिलं ते मलाच माहीत.

हरभरेवाली सगळं बघत होती. "सख्ख्या बहिनी का?" तिनं विचारलं.

"कशावरून ओळखलं?" मंजू म्हणाली.

"भांडताय की. जावा असत्या तर ग्वाड बोलल्या असत्या." आणि तिनं आणखी एक जुडी आमच्या गाडीत टाकली.

कापूरहोळला आत वळलं की महामार्गाचा घोंगाट मागं पडतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच ज्वारीचे तुकडे, आणि समोर डोंगर एकेक करून जवळ येऊ लागतात. दुपारी आम्ही भोरला पोचलो, एका साध्या लॉजमध्ये सामान टाकलं. कागदावर ‘राजवाडा ४.३० ते ५.१५’ होतं. मला ते पाठ होतं, म्हणून मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "राजवाडा जवळच आहे म्हणे." मंजू "हो का," म्हणाली आणि बाजारपेठेतल्या एका घोंगड्यांच्या दुकानात शिरली.

तिथं ती किती वेळ बसली ते घड्याळाअभावी सांगता येत नाही. दुकानदार काकांनी एकामागून एक आठ घोंगड्या पसरल्या. कुठली किती वर्षं टिकते, कुठली पावसात पाणी धरत नाही, नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ का लावतात, सगळं सांगितलं. आमच्याकडं दुसरी साडी दाखवा म्हटलं तर पहिलीत काय वाईट आहे असं विचारतात. हे काका मात्र वर चहा मागवून म्हणाले, "घेतली न्हाई तरी चालंल, पर हात लावून बगा." मंजूनं हात लावून लावून शेवटी एक काळी घेतली. बाहेर आलो तर उन्हं उतरली होती आणि राजवाड्याचं दार बंद झालं होतं.

"बाहेरून दिसतोय की," मंजू म्हणाली. दिसत होता, हे खरंच. त्याच्या समोर उभ्या राहून आम्ही उरलेले घाटे संपवले. मी आतून धुमसत होते. एक ओळ चुकली की पुढच्या सगळ्या ओळी चुकतात, हे वेळापत्रक करणाऱ्यालाच कळतं.

एकतीस डिसेंबर : शेळी, आणि मग पासली

सकाळी पोहे खाऊन निघालो. भाटघर धरणाच्या पाण्याकडेनं जाताना मंजूला पाय मोकळे करायचे होते. पाणी शांत होतं, काठावरची जमीन ओलसर काळी, आणि त्यात सात-आठ शेरडं चरत होती. त्यांची मालकीण, धोंडाबाई नाव, बाभळीखाली बसली होती. साठीच्या आतबाहेरची, डोक्यावर पदर घट्ट, बोलायला कुणी हवंच असल्यासारखी. एक शेळी तिच्याजवळच उभी होती, पोट टम्म फुगलेलं.

"आज इनार ही," धोंडाबाईनं सांगितलं.

एवढं पुरलं. मंजूनं बसकण मारली. तिला शेळी विताना बघायची होती. मी उभीच होते. मनातल्या मनात नसरापूर, मार्गासनी, वेल्हे असे टप्पे मोजत होते. शेवटी न राहवून मी विचारलं, "साधारण किती वाजता?"

धोंडाबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग शेळीकडं पाहिलं, जणू तिलाच विचारावं की काय असं. म्हणाली, "तिच्या गळ्यात घंटी हाय बाई, घड्याळ न्हाई." मंजू इतकी हसली की शेळी दचकून चार पावलं बाजूला झाली.

मग मीही बसले. धोंडाबाईनं फडक्यातली भाकरी काढली, वर लसणाची चटणी, आणि तीन वाटे केले. तिघींनी खाल्लं. तिनं आम्हाला किती मुलं, मंजूचे मालक काय करतात, माझे गुडघे दुखतात का, असं सगळं विचारलं. आमची नावं मात्र विचारली नाहीत. आमच्याकडं उलटं असतं. नाव, आडनाव, कुठल्या पेठेत राहता हे आधी, आणि गुडघे कुणी विचारत नाही. शेळी रवंथ करत होती. पाण्यावर एक बगळा एका पायावर उभा होता, तो दुसऱ्या पायावर कधी जातो ते मी बघत बसले. तो गेलाच नाही. मला वाटतं, मला मधेच एक डुलकीही लागली.

शेळी काही व्याली नाही. सावल्या लांबू लागल्या तसे आम्ही उठलो. "आमी गेल्यावर बरोबर विईल बगा," मंजू त्यांच्याच बोलीत म्हणाली. "इल की," धोंडाबाई म्हणाली, "तिला लाज हाय."

गाडीत बसल्यावर मला एक कल्पना सुचली. मी किती बदलले आहे हे मंजूला दाखवायची ही संधी होती. मी मोठ्या उदार आवाजात म्हणाले, "उशीर झालाय, तर राहू दे ना आज पासली. भोरलाच परत जाऊ. उद्या जाऊ, नाहीतर परवा. काय घाई आहे?"

मंजूनं माझ्याकडं वळून पाहिलं. "त्या बाईंना आज येतो म्हणून सांगितलंयस ना?"

"हो, पण वेळापत्रक नको म्हणालीस ना तू?"

"ताई, वेळापत्रक वेगळं आणि शब्द वेगळा. उशीर झाला तर झाला. पण कुणी वाट बघत असेल तर जायचं."

बोलणी खाल्लेल्या मुलासारखी मी निमूट गाडी चालू केली. तिचं ऐकून चाललो हे किती बरं झालं, ते संध्याकाळी कळणार होतं.

नसरापूरवरून आत वळल्यावर भातखाचरं दिसू लागतात. कापणी होऊन गेलेली, नुसती धसकटं उभी, आणि बांधावर पेंढ्याच्या उडव्या. वेल्ह्यात शिरताना तोरणा डोक्यावर येतो. माझ्या कागदावर या गडाची ‘१ जाने. पहाटे ५.१५, सूर्योदय’ अशी नोंद होती. चहासाठी एका टपरीवर थांबलो. पासलीचा रस्ता विचारला तर टपरीवाल्यानं विचारलं, "कुणाकडं?"

"हौसाबाईंकडं."

"आरं वा," तो म्हणाला. "मंजे तुमीच का त्या नव्याच्या पाव्हण्या?"

मी मंजूकडं अभिमानानं पाहिलं. नवीन वर्षाच्या पाहुण्या म्हणून आमची कीर्ती वेल्ह्यापर्यंत पोचली होती. टपरीवाल्यानं चहा दुप्पट भरून दिला आणि म्हणाला, "लवकर जावा बगा. लई थांबल्यात बिचारी." पुढं घाटात पेंढ्यानं भरलेला टेम्पो समोरून आला, त्याला वाट द्यायला आम्ही कडेला घेतलं, तर ड्रायव्हरनं काच खाली करून हाक दिली, "आलाव का? अण्णा दारातच बसल्यात."

"हे अण्णा कोण?" मंजूनं विचारलं. मलाही माहीत नव्हतं.

पासलीला पोचलो तेव्हा डोंगरामागं सूर्य गेला होता, उजेड होता. सारवलेलं अंगण, कडेला गोठा, दाराच्या चौकटीला भाताच्या लोंब्यांची जुडी बांधलेली. उंबऱ्याशी ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ कानटोपी घालून बसले होते. आम्हाला बघून ते आत तोंड करून म्हणाले, "हौसा, आल्या गं. वैर तांदूळ."

हौसाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद. आमच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. मी घाईनं म्हणाले, "अहो, अजून स्वयंपाक व्हायचाय? आमच्यासाठी कशाला थांबलात?"

हौसाबाईंना कळेना. "तुमीच म्हनला व्हता की फोनवर. आमी आल्याबिगर नवं करू नगा."

"हो, नवीन वर्ष..." पण हौसाबाई आधणात तांदूळ वैरायला आत गेल्याही होत्या.

"झोडणी व्हऊन महिना झाला," अण्णा म्हणाले. "समद्या वाडीनं नवं खाल्लं. ढेकर दिला. आमची कणगी भरल्याली, अन आमी जुना तांदूळ खातोय. त्यो बी संपला. मग आठ दिस झालं, दुकानातला आणून खातोय. भात पिकवनारा मानूस दुकानात तांदूळ मागाय गेला, तर दुकानदार बी हसला."

मग मला हळूहळू उलगडलं. इथं ‘नवं करणं’ म्हणजे नव्या तांदळाचा पहिला भात. खळं उरकलं की घरात एक दिवस ठरतो, रानातल्या देवाला नैवेद्य जातो, गाईला घास जातो, आणि मग माणसं जेवतात. तोवर नव्याचा दाणा तोंडात घालायचा नाही. फोनवर माझं ‘वर्ष’ वाऱ्यानं नेलं होतं. पुण्याच्या दोन बायकांना आपल्या घरचं नवं बघायचंय, आणि थांबा म्हणाल्यात, एवढंच हौसाबाईंना ऐकू आलं. आणि शब्द दिला म्हणून हे घर महिनाभर भरल्या कणगीशेजारी आधी जुना आणि मग दुकानातला तांदूळ खात बसलं होतं. आम्ही भोरला परत गेलो असतो तर आणखी एक-दोन दिवस.

"नवा भात मऊ असतो," अण्णा म्हणाले. त्यांनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

मला रडू फुटायचं बाकी होतं. मी खरं सांगितलं. नवं नाही, नवीन वर्ष म्हणाले होते. रात्री बारा वाजता लागतं ते. मग अण्णा खोकल्यासारखे हसायला लागले. "मंजे त्ये मोबाईलमदलं? फटाके उडवत्यात त्ये?" आणि आत ओरडले, "हौसा, आधण उतरव. ह्यांचं नवं येगळंच हाय."

"उतरवत न्हाई," हौसाबाई दारात येऊन म्हणाल्या. "वैरलं म्या."

मी माफी मागत होते, आणि माफी मागताना माझी जी खोड आहे ती आड आली. मला पुरावा द्यायचा होता. "खरंच सांगते, हे बघा, मी लिहूनही ठेवलं होतं," असं म्हणत मी पर्सची आतली चेन उघडली आणि कागद बाहेर काढला. ‘३१ डिसें. सायं. ५.३०, पासली, नवीन वर्ष.’ वाचून दाखवलं, आणि मगच लक्षात आलं की मंजू शेजारी उभी आहे.

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. वाचला नाही. घडी घातली आणि स्वतःच्या ब्लाऊजमध्ये खोचला. मग हौसाबाईंना शांतपणे विचारलं, "सकाळची एसटी किती वाजता असते हो?"

"सा ला हाय," हौसाबाई म्हणाल्या. "कदी येती, कदी न्हाई."

त्यानंतरचा अर्धा-पाऊण तास मला जड गेला. हौसाबाईंचे मालक नैवेद्याचं पान घेऊन बांधावर गेले, परत आले. गाईला घास गेला. घरभर भाताचा वास सुटला. आंबेमोहोर होता. हा वास पुण्यात पिशवीवर छापलेला असतो, इथं तो दारातून बाहेर जाऊन शेजारच्यांना बोलावून आणत होता. दोघी-तिघी शेजारणी दारात येऊन "झालं का एकदाचं?" असं विचारून हसत गेल्या. मंजू चुलीपाशी बसून हौसाबाईंशी गप्पा मारत होती. माझ्याशी नाही. मी अण्णांशेजारी बसून नव्या तांदळाला पाणी किती, एकास दीड की एकास दोन, असं काहीतरी विचारत होते. अण्णा म्हणाले, "हौसाला इचारा. ती बगती अन घालती."

पानं मांडली. भात, वर तुपाची धार, उडदाचं घुटं, नव्याच तांदळाची गुळाची खीर. मी घास उचलणार, तेवढ्यात अण्णांनी हात धरला. "आपला आपुन न्हाई खायचा पयला. शेजारच्याला भरवायचा. अन म्हनायचं, नवं खा, जुनं इसर." त्यांनी हौसाबाईंच्या मालकांच्या तोंडात घास घातला, मालकांनी अण्णांच्या. अण्णांनी डोळे मिटून तो घोळवत घोळवत गिळला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत.

माझ्या शेजारी मंजू होती.

तिनं भात कालवला. कालवतच राहिली. मी तोंड उघडून बसले होते, आणि सगळे माझ्या उघड्या तोंडाकडं बघत होते. शेवटी तिनं घास उचलला, माझ्या ओठांपाशी आणला आणि तिथंच थांबवला. "परत करशील?"

तोंड उघडं ठेवून खोटं बोलता येत नाही. "करीन बहुतेक," मी म्हणाले.

तिला हसू आलं. "नवं खा," ती म्हणाली, आणि थांबली, आणि मग म्हणाली, "जुनं इसर." घास इतका गरम होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. नंतर मी तिला भरवला, तेव्हा तिच्याही डोळ्यांतून आलं. तिचा घास तोवर निवला होता.

त्यानंतर मी तीनदा भात घेतला. नवा भात चिकट असतो, पोटात गेल्यावर माणसाला जागचं हलू देत नाही. काळ्या घोंगडीखाली आम्ही दोघी शेजारी आडव्या झालो. वर्ष कधी बदललं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

एक जानेवारी : पासलीतच

जाग आली तेव्हा ऊन अंगणात येऊन गोठ्यापर्यंत पोचलं होतं. तोरण्यावरचा सूर्योदय कधीच होऊन गेला होता. सहाची एसटीही. मी दचकून शेजारी पाहिलं. मंजूची जागा रिकामी.

बाहेर धावले तर ती अण्णांशेजारी उन्हात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. "एसटी आली नव्हती," ती माझ्याकडं न बघता म्हणाली.

"आलती की," अण्णा म्हणाले. "चांगली भोंगा वाजवून गेली." मंजूनं त्यांच्याकडं डोळे वटारले आणि त्यांनी निमूट शेंग उचलली.

मग तिनं ब्लाऊजमधून कागद काढला. मला वाटलं, आता फाडणार. तिनं घडी उलगडली, संकल्पांची बाजू वर केली आणि अण्णांना वाचून दाखवायला लागली. "रोज पहाटे पाचला उठणे."

"का? म्हस घेतली का?" अण्णा म्हणाले.

"नाही."

"मग निजा की."

"वजन सहा किलो कमी करणे."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काल तीनदा भात घेतला त्ये आदीचं का नंतरचं?"

मंजू हसत हसत पुढं वाचत गेली. महिन्याला दोन पुस्तकं, साखर बंद, मोबाईल दिवसाला अर्धा तास. मग ती अचानक थांबली. मला माहीत होतं कुठल्या ओळीवर. नववी. तिनं ती हळू वाचली. "मंजूला दर रविवारी फोन. पंधरा मिनिटं."

मी शेंगा सोलू लागले. माझ्या शेंगेत दाणा नव्हता, तरी सोलत राहिले.

"पंधरा मिनिटं?" मंजू म्हणाली. "आणि सोळावं लागलं तर?"

"म्हणजे निदान पंधरा," मी म्हणाले. "ते तीन महिने फार वाईट गेले गं मला. पुन्हा तसं व्हायला नको म्हणून लिहिलं. लिहिलं नाही तर राहून जातं, मला माहीत आहे माझं."

तिनं तिच्या पुढ्यातले सोललेले दाणे उचलून माझ्या ताटलीत टाकले. लहानपणी आई शेंगा सोलायला द्यायची तेव्हा माझी ताटली आधी भरावी म्हणून ती हेच करायची. मी विसरले होते.

त्या दिवशी आम्ही कुठंही फिरायला गेलो नाही. कागदावरची पानशेतची बोटही राहिली. हौसाबाईंनी हाताखाली घेऊन मला तांदळाची भाकरी थापायला शिकवली, ती तव्यावर जाईपर्यंत नकाशा झाली. दुपारी घरी निघताना त्यांनी नवा तांदूळ फडक्यात बांधून दिला, आणि खुरासणीची चटणी द्यायची म्हणून पुडी बांधायला कागद शोधू लागल्या. घरात कागद सापडेना. मंजूनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या हातातला कागद घेतला आणि हौसाबाईंना दिला.

"कामाचा न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"आता आहे," मी म्हणाले.

घरी

चटणी पुरवून पुरवून खाल्ली, ती काल संपली. कागद अजून डब्याच्या तळाशी आहे. तेल पिऊन तो आरपार दिसू लागला आहे. एका बाजूची अक्षरं दुसऱ्या बाजूत मिसळली आहेत, आणि ‘रोज पहाटे पाचला’च्या अंगावरून ‘पानशेत, बोट’ उलटी चालली आहे. पाचला मी एकदाही उठलेले नाही.

मंजूला फोन मी रविवारी करत नाही. काल मंगळवार होता, आणि तिनंच केला. कुणाच्या तरी ब्लाऊजच्या बाह्या तिनं उलट्या लावल्या होत्या, ते सांगत होती. बोलता बोलता माझं दूध उतू गेलं, ओटा पुसला, तरी आमचं चालूच. मग ती म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी किती तारखेला जायचं? क्लासच्या बायकांना आधी सांगायला लागतं मला."

"तारीख कशी सांगू?" मी म्हणाले. "अजून पेरायचाय तो भात. झोडणी झाली की हौसाबाई उंचावर येऊन फोन करतील, मग निघू."

पलीकडची शिलाई मशीनची खडखड थांबली.

"हॅलो," मंजू म्हणाली, "ताईच बोलतेस ना?"